तुझे पाय हवेत, तू नकोस

११ जानेवारी

रा. रा. माजी पतिराज यांस,

मायना काय लिहावा यातच माझा चहा गार झाला. ‘प्रिय’ लिहायला कोर्टाने मनाई केलेली नाही, पण मी स्वतःवर केली आहे. तेव्हा हे असंच चालवून घे.

तुझा कागद पोचला. कारखाना विकायचा, तुझी सही झालेली, आणि माझ्या सहीसाठी खाली एक रेघ. रेघ अगदी सरळ आहे. मोठ्या कंपनीत गेल्यापासून तुझा हात सुधारलेला दिसतो. इथे असताना पेन्सिल कानावर आणि रेघ कुठेतरी, असा कारभार होता.

मी सही केलेली नाही. का, ते सांगते. नव्या वाचनालयाच्या वाचन-खोलीसाठी खुर्च्या हव्या आहेत. सगळी खोली एकाच कारखान्याला देणार. आम्हाला नमुना पाठवायला सांगितलंय, पुलापलीकडच्यांनाही सांगितलंय. हे काम मिळालं तर कारखाना माझ्या हातात राहील. नाही मिळालं, तर तुझ्या त्या सरळ रेघेवर मी सही करेन आणि दाराची किल्ली पोस्टाने पाठवीन. शब्द देते. माझ्या शब्दाची किंमत तुला माहीत आहे, बाकी कशाची नसली तरी.

तुझी आई मजेत आहे. ती माझ्याकडे का राहते असं तुझ्या नव्या ऑफिसातले लोक विचारतात म्हणे. त्यांना तिचंच वाक्य सांग. “घटस्फोट तुम्ही दोघांनी घेतलात, मला कोणी विचारलं होतं?” एवढं बोलून तिने माझ्या स्वयंपाकघरातला तिचा चष्मा शोधायला घेतला. विषय संपला.

आणि हो, तुझ्या बाबांचा नियम मी मोडलेला नाही. नवा नमुना तयार झाला की त्यात कोणीतरी बसून भरलेला कप चहा प्यायचा. चहा संपायच्या आत बसणाऱ्याने चुळबुळ केली तर खुर्ची पुन्हा ठोकायला. तू असताना एकही खुर्ची कधी पहिल्या कपात पास झाली नाही. ही गुडघ्याला टोचते, ती कंबर धरते, नुसती कटकट. तू गेल्यापासून सगळ्या खुर्च्या पहिल्या कपात पास होतात. यावरून काय ते समज.

दवाखान्याने काही खुर्च्या परत पाठवल्या, पण त्यांना लाकडातलं काही कळत नाही.

सगळं उत्तम चाललं आहे. उत्तर पाठवायची तसदी घेऊ नकोस.

आपली
(इथे काय लिहायचं ते सुचलं की कळवते)


२ फेब्रुवारी

शिडीस,

आई म्हणाली, “माजी पतिराज काय लिहितेस, त्याला लहानपणापासून शिडी म्हणतात तेच लिही.” म्हणून हा मायना.

तिने विणलेला स्वेटर पाठवते आहे. बाह्या लांब वाटल्या तर मला दोष देऊ नकोस, माप तिच्या डोक्यातलं आहे आणि तिच्या डोक्यात तू अजून वाढतो आहेस.

मागच्या पत्रात सगळं उत्तम आहे असं लिहिलं होतं. ते साधारण उत्तम आहे. फक्त वखारीतून लाकूड येत नव्हतं. लाकूडवाले काका तुझ्या बाबांचे दोस्त, तुला अंगाखांद्यावर खेळवलेलं, आणि माझ्या लग्नात सगळ्यात जोरात रडलेलेही तेच. आता कोणाची बाजू घ्यायची हे त्यांना ठरवता येईना. मला लाकूड दिलं तर तुला वाईट वाटेल, नाही दिलं तर मला. तेव्हा त्यांनी सोपा मार्ग काढला. मी गेले की ते मागच्या दाराने जेवायला जायचे. सकाळी नऊ वाजतासुद्धा जेवायला!

मी हात टेकले होते. शेवटी आईने पायात चप्पल घातली.

मी मागोमाग गेले. वखारीत काका तिला बघून उठले. मागचं दार लांब होतं आणि आई जवळ होती.

“भाऊजी, बसा,” आई म्हणाली. “नवरा-बायको वेगळे झाले हे खरं. पण तुमचं लाकूड कोणाशी लग्न केलेलं नाही ना?”

“वहिनी, तसं नाही, पण पोराला काय वाटेल...”

“पोराला काय वाटायचं ते मी बघते, मी त्याची आई आहे. तुम्ही फक्त मला सांगा, गेल्या वर्षी तुमच्या मुलीच्या घरी जेवणाचं टेबल कोणी केलं? रात्रंदिवस बसून?”

“सूनबाईंनी.”

“मग?”

काकांनी डोळे पुसले (त्यांना तेवढं लागतंच) आणि स्वतः फळ्या निवडायला गेले. चांगल्या वाळलेल्या, गाठ नसलेल्या, ज्या ते स्वतःच्या घरासाठी बाजूला ठेवतात त्या. आम्ही निघताना मला हळूच विचारलं, “आता पोरगा आला तर त्यालाही देऊ ना?” मी म्हटलं, “द्या, पण माझ्याहून वाईट द्या.”

नमुन्याची खुर्ची त्याच लाकडाची झाली. आईने बसून चहा घेतला, मी घेतला, पॉलिशवाल्याने घेतला. कोणी हललं नाही. आईला तर डुलकी लागली. उद्या वाचनालयात जाईल.

पॉलिशवाला मात्र माझ्याशी बोलत नाही. तू गेलास तेव्हापासून. काम करतो, पण तोंडाला कुलूप. तुझा पत्त्यांचा जोडीदार, तेव्हा तुझ्याकडूनच असणार. असो. मला काय, मला पॉलिशशी मतलब.

तुझ्या आईची सून
(हे कोर्टाला बदलता आलं नाही)


१९ फेब्रुवारी

शिडे,

नमुना नापास झाला.

हे वाक्य लिहून मी उठले, कारखान्यात एक फेरी मारली, रंध्यावरची धूळ पुसली आणि परत आले. वाक्य तसंच आहे.

समितीने लिहिलं, ‘दिसायला सुबक, परंतु बसण्यास अस्वस्थ.’ अस्वस्थ! ज्या खुर्चीत तुझी आई घोरली ती खुर्ची! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी तडक वाचनालयात जाऊन ग्रंथपाल बाईंसमोर उभी राहिले. म्हटलं, तुमच्या समितीला बसता येत नाही. बाई शांत आहेत. म्हणाल्या, “मी उद्या तुमच्याकडे येते. दाखवते.”

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. दारातून वाकून आत आल्या तेव्हाच मला काहीतरी समजायला हवं होतं. बाई तुझ्याएवढ्या उंच आहेत, कदाचित बोटभर जास्तच. त्या आपल्या नमुन्यात बसल्या आणि त्यांचे गुडघे पोटाशी आले. लहान मुलांच्या तीनचाकीवर मोठं माणूस बसावं तशा दिसत होत्या.

मी खुर्चीकडे बघितलं. मग आईकडे. मग पॉलिशवाल्याकडे. आणि मला एकदम कळलं. शिडे, तू गेल्यापासून या कारखान्यातलं सगळ्यात उंच माणूस मी आहे! मी, जिला वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागतं! वर्षभर आम्ही तिघे बुटके खुर्चीत बसतोय, चहा पितोय, वा वा म्हणतोय, आणि प्रत्येक नव्या नमुन्यात पाय थोडे थोडे कापत चाललोय. आपले पाय जमिनीला टेकले की खुर्ची पास. दवाखान्याच्या खुर्च्या परत आल्या त्या यामुळे. पहिल्या कपात पास होत होत्या त्याही यामुळे.

मी आधी चिडले आणि मग हसत सुटले. आई हसली. ग्रंथपाल बाई त्या खुर्चीत अडकलेल्या, त्याही हसल्या. पॉलिशवाला तोंड फिरवून हसला, कारण तो माझ्याशी बोलत नाही.

बाईंना उठवायला दोघी लागलो. उठल्यावर त्या म्हणाल्या, “तुमचं काम चांगलं आहे हे मला दिसतं. पुलापलीकडच्यांचा नमुनाही समितीला फारसा आवडला नाही. मी पंधरा मार्चला दोघांनाही पुन्हा बोलवायला लावते. पण दुसरी संधी एकदाच मिळते.” मी विचारलं, माझ्यासाठी एवढं का करता? तर म्हणाल्या, “तुम्ही भांडायला आलात. बाकीचे नुसते हार घेऊन येतात.”

तेव्हा आता मुद्द्यावर येते. मला उंच माणसाचं माप हवं आहे. ग्रंथपाल बाईंना टेप लावायला मला संकोच वाटला, आणि दुसरं उंच माणूस मी ओळखते ते एकच. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत, आणि बसल्यावर कंबर ते गुडघा. बूट काढून.

नीट वाच. मला तुझे पाय हवेत, तू नकोस.

कारखानदार


५ मार्च

शिडीस,

पाकीट उघडलं तर आत पत्र नाही, चिठ्ठी नाही, शिव्यासुद्धा नाहीत. एक सुतळी. त्यात दोन गाठी.

आईने ती सुतळी हातात घेतली, जमिनीपासून वर धरली आणि म्हणाली, “बघ, एवढा झाला.” मग पदराने चष्मा पुसत बसली. मी काही रडले नाही. सुतळी माझ्या डोळ्यात गेली.

गंमत पुढे आहे. पॉलिशवाला ती सुतळी बघून जवळ आला आणि वर्षभराने तोंड उघडलं, “ही दादाचीच गाठ. पोत्यालाही अशीच मारतो, सुटता सुटत नाही.” मी म्हटलं, वा, जीभ आहे म्हणजे! एवढे दिवस माझ्यावर राग होता ना? तर तो चक्क लाजला. “राग कसला! तुम्हाला वहिनी म्हणायची सवय. आता वहिनी म्हणावं की नाही कळेना. मॅडम म्हणायला जीभ वळेना. म्हणून म्हटलं, गप्पच बसू.”

ऐकलंस? आपलं नातं बदललं आणि त्या बिचाऱ्याकडे शब्दच उरला नाही, म्हणून कारखान्यात वर्षभर शुकशुकाट! मी त्याला म्हटलं, वहिनीच म्हण, ते काही तुझ्या दादाच्या मालकीचं नाही. त्याच्या जिवात जीव आला. आता इतका बोलतो की पुन्हा कुलूप लावावंसं वाटतं.

सुतळीच्या मापाने खुर्ची केली. ग्रंथपाल बाईंना बसवलं, छान झाली. मग आईला बसवलं. तिचे पाय हवेत लोंबायला लागले. म्हणजे तुझ्यासाठी केली की तिची अडचण, तिच्यासाठी केली की तुझी. आपल्या घरातली जुनीच गोष्ट.

घोडं इथेच अडलं. मग मी दोन दिवस जुन्या वाचनालयात जाऊन बसले. पुस्तक उघडं ठेवलं आणि लोकांचे पाय बघितले. एक आजोबा टाचा उचलून बसतात. दोन शाळकरी मुली खुर्चीच्या टोकावर, कारण मागे सरकल्या की पाय उचलले जातात. एक लांबुडका विद्यार्थी तर टेबलाखाली पाय कुठे ठेवावेत या काळजीत पान उलटायचं विसरला. सगळ्यांना एकच खुर्ची, आणि कोणालाच ती सोयीची नाही.

ग्रंथपाल बाईंना म्हटलं, तीन उंचीच्या करू या. त्या म्हणाल्या, “अध्यक्षांना सगळी रांग एकसारखी दिसायला हवी. वर-खाली दिसलं की ते नाही म्हणणार.” तेव्हा मला सुचलं. पाठ सगळ्यांची एकाच उंचीची ठेवायची. उभं राहून बघितलं तर अख्खी खोली एका रेषेत. बैठक मात्र आत तीन उंचींची. कोणाला कळणारही नाही, फक्त बसणाऱ्याला कळेल.

चित्र काढून सोबत पाठवते आहे. मदत मागत नाहीये. उंच खुर्चीत कंबरेला काहीतरी कमी पडतंय एवढं मला कळतं, काय ते कळत नाही. पंधरा तारीख जवळ आली आहे. खुर्ची करणारा माणूस म्हणून बघ. नवरा म्हणून बघू नकोस, ते तुला जमलं नव्हतं. (मलाही बायको म्हणून फार जमलं असं नाही, पण तो आजचा विषय नाही.)

कारखानदार


१० मार्च

शिडे, तू गाढव आहेस आणि मी तुझी ऋणी आहे, दोन्ही एकाच वेळी.

चित्र परत आलं. कोपऱ्यात तुझं अक्षर, ‘बैठक चढवलीस, कंबरेची पट्टी तिथेच विसरलीस. बैठक जेवढी वर, पट्टीही तेवढीच वर. डोळे कुठे होते?’

वर्षभरात तुझ्याकडून आलेलं हे पहिलं धड वाक्य. कोर्टात एवढे कागद झाले, त्यात एकही असं नव्हतं. मी भिंतीवर लावून ठेवलंय. आई म्हणते, “बघा, भांडायला लागले! आता कारखाना चालणार.”

पट्टी वर घेतली. बैठक आणि पट्टी आता जोडीने चढतात आणि उतरतात. एवढीशी गोष्ट, आणि मला दिसली नव्हती. आपण घरी एकत्र असताना असं काही बोललास की मी ताट आपटायचे. कागदावर वाचलं आणि थेट पटाशी उचलली. हे असं का, यावर मी विचार करते आहे. तूही कर. तिथे तुला वेळ बराच असेल.

खुर्च्या तयार आहेत.

कारखानदार


१६ मार्च

भागीदार!

उभी राहून लिहिते आहे कारण बसवत नाहीये. मिळालं! सगळी वाचन-खोली! आपल्या खुर्च्या!

नीट सांगते. काल सकाळी हातगाडीवरून खुर्च्या नेल्या. लाकूडवाले काका पुढे, पॉलिशवाला मागे, आई रिक्षात. पुलापलीकडच्यांनी आधीच मांडून ठेवल्या होत्या. चकचकीत, गुबगुबीत गाद्यांच्या, बघूनच माझं तोंड उतरलं. समिती आली. अध्यक्ष दाराशी उभे राहून दोन्ही रांगांवरून नजर फिरवत होते, आणि आपली रांग दोरी लावल्यासारखी सरळ. ते म्हणाले, “हं.” त्यांच्या ‘हं’मधून काही कळत नाही.

मी म्हटलं, आमच्याकडे खुर्ची बघून पास होत नाही, बसून भरलेला कप चहा प्यावा लागतो. तर ग्रंथपाल बाई म्हणाल्या, “वाचन-खोलीत चहा चालत नाही.” माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण त्याच पुढे म्हणाल्या, “पुस्तकं चालतात.” आणि प्रत्येकाच्या हातात एकेक पुस्तक दिलं. दोन्ही रांगांत बसून एकेक प्रकरण वाचायचं, एवढीच परीक्षा.

आधी पलीकडच्या खुर्च्या. गादी मऊ, त्यामुळे मंडळी हळूहळू खाली घसरायला लागली. पाचव्या-सहाव्या पानाला सगळे इकडून तिकडे. कोषाध्यक्ष तर जवळजवळ आडवे झाले.

मग आपल्या. मी कोणाला कुठे बसवायचं ते ठरवून ठेवलं होतं. बुटके चिटणीस छोट्या बैठकीवर, मधले मधल्या, ग्रंथपाल बाई तुझ्या सुतळीवाल्या खुर्चीत. बसले. वाचायला लागले. कोणी हललं नाही. पानं उलटल्याचा तेवढा आवाज. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की अजून दुखतोय. प्रकरण संपलं, बहुतेक सगळे उठले. अध्यक्ष उठेनात. मला वाटलं, झालं, यांना काहीतरी खुपलं. कोणीतरी खाकरलं, तर ते वर न बघता म्हणाले, “थांबा हो, आता कुठे रंगात आलंय.”

मी तिथेच, वाचन-खोलीत, मोठ्याने हसले. मला गप्प करायचं काम ज्यांचं, त्या ग्रंथपाल बाईही अजून पान उलटत होत्या. त्या खुर्चीतच होत्या. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मी इतकी वर्षं या नोकरीत उभी राहून काम करते. लोकांना वाटतं कामाचा उत्साह आहे. खरं म्हणजे बसायला खुर्चीच नव्हती. उद्यापासून मी बसणार.” आता मी रडले, हे सुतळीवर ढकलणार नाही.

बाहेर आल्यावर पुलापलीकडचे मालक भेटले. मी तयारीत होते, पण त्यांनी हात पुढे केला आणि विचारलं, “रांग सरळ आणि बैठका वेगळ्या, ही कल्पना कोणाची?” मी म्हटलं, माझी. “आणि कंबरेची पट्टी?” मी म्हटलं, माझ्या भागीदाराची. तोंडातून तसंच निघालं, शिडे. नवरा नाही, माजी नाही. भागीदार. शब्द सापडला आणि माझं डोकं एकदम हलकं झालं.

तुझा कागद परत पाठवते आहे. रेघ तशीच कोरी आहे, कोणाला भेट द्यायची तर दे.

आणि आता माझ्या अटी. एवढ्या खुर्च्या मी, आई आणि तो बडबड्या मिळून करू शकत नाही. तू ये. कारखान्यात ये, घरात नको. सकाळी कामाला ये, संध्याकाळी तुझ्या खोलीवर जा. आईला भेटायला कधीही ये, पण बेल वाजवून, पाहुण्यासारखा. घरचं भांडण कारखान्याच्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. खुर्चीवरून मात्र हवं तेवढं भांडायचं. आपण एकमेकांना पुन्हा जेवायला वाढणार नाही, पण एकमेकांची चूक रोज दाखवणार. मला वाटतं, हे आपल्याला जमेल. पहिल्यापासून एवढंच जमत होतं, आपण उगाच त्यावर लग्न चढवलं.

मोठ्या कंपनीत तुला टाय असेल. इथे भुसा आहे.

तुझी भागीदार


२८ मार्च

भागीदारास,

तुझं उत्तर मिळालं. ‘अटी मान्य. कधी?’ एवढंच. तू लांब आणि तुझी पत्रं आखूड, हे कधी बदलायचं नाही. आईने ते उशीखाली ठेवलंय. लाकूडवाले काका ऐकून रडले, ते सांगायला नको. पॉलिशवाल्याने पत्ते बाहेर काढलेत. मी ते काढून घेतलेत.

दारावर नवी पाटी लागली आहे. नाव कारखान्याचंच, खाली ‘दोन भागीदार’. रंगाऱ्याने विचारलं, नवरा-बायको का? आई म्हणाली, “नाही हो, त्याहून टिकाऊ.”

सोमवारी सकाळी ये. खिडकीजवळ तुझी जुनी जागा झाडून ठेवली आहे. तिथे एक खुर्ची आहे, लांबुडक्या माणसाच्या मापाची, दोन गाठींच्या सुतळीवरून केलेली. ती मी एकटीने केली, कोणाला हात लावू दिला नाही. तिची परीक्षा व्हायची आहे. आल्यावर आधी तिच्यात बस, मी भरलेला कप चहा देईन. नियम तुला माहीत आहे. चहा संपायच्या आत हललास, तर खुर्ची परत जाईल. तू नाही.

तुझी भागीदार